टेकले न टेकले तोच

बेल वाजली तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. फोनमधून फिजिओथेरपिस्ट मुलगी हळू आवाजात सांगत होती, "आता लक्ष उजव्या गुडघ्यावर न्या. तिथे काय जाणवतंय ते नुसतं बघा, बदलू नका." माझ्या उजव्या गुडघ्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी तिथे नुकतीच पोचत होते. तेवढ्यात बेल. डोळे उघडायच्या आधी मी उभी राहिले होते. बोटाला ऑक्सिमीटरची चिमटी तशीच, ओढणी खुर्चीच्या दांड्यात अडकलेली. दार उघडलं तर लेकीचं पार्सल. ओटीपी तिच्या फोनवर, म्हणून तिला दोन हाका, मग तो आकडा मोठ्याने, मग दार लावून परत खुर्चीत. चिमटीवर बघितलं तर ठोके ८६. बेलच्या आधी ६४ होते. उठल्या-चालल्याने थोडे वाढणारच, ते मलाही कळतं. पण हृदयाचे ठोके आवरायची गोळी सकाळ-संध्याकाळ घेणारं हे हृदय, आणि समोर काय, तर एक खोका. त्यात केसांचं काहीतरी होतं.

घरात त्या वेळी आणखी तीन माणसं होती. नवरा दारापासून चार पावलांवर सोफ्यावर, मोबाइलमध्ये. जिचं पार्सल ती आतल्या खोलीत. सासूबाई टीव्हीसमोर, आठच्या मालिकेत. कोणी हललं नाही, आणि यात त्यांचा फार दोष आहे असंही मी म्हणणार नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो तसं बेल वाजली की मी उठते, हे आमच्या घरात इतकं ठरून गेलेलं आहे की पंख्याचे आभार कोणी मानत नाही. क्लास संपताना त्या मुलीने विचारलं, "काकू, मध्ये कुठे गेला होतात?" मी म्हटलं, "दारात." ती म्हणाली, "दुसरं कोणी नव्हतं का घरात?" तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. मी आवाज येत नाहीये असा बहाणा केला.

गणपतीला तीन दिवस असताना दादरच्या पुलावर माझा जबडा दुखायला लागला होता. खरं तर दोन दिवस आधीपासूनच दुखत होता. जबडा, डावा खांदा आणि पोटात ढवळल्यासारखं. मी ओवा खाल्ला, कोकम सरबत प्यायले, दाढ दाखवून घ्यायला हवी असं ठरवलं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पूल चढले. छातीत सिनेमातल्यासारखी कळ वगैरे काही आली नाही. बायकांच्या बाबतीत हार्ट ॲटॅक बऱ्याचदा असा वाकड्या वाटेने येतो, म्हणून बायका उशिरा पोचतात, हे मला नंतर सांगण्यात आलं. मी वेळेत पोचले, कारण पुलाच्या वरच्या पायरीवर मी बसले आणि मोगऱ्याचे गजरे विकणाऱ्या बाईने मला परत उठू दिलं नाही. अँजिओग्राफी, एक ब्लॉकेज, एक स्टेंट, चार दिवस. घरी सोडताना पाच कागद मिळाले, त्यातला आहाराचा कागद झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असल्याने पालेभाजी खायची की टाळायची ते भिंगातूनही कळेना. आणि डॉक्टरांचं शेवटचं वाक्य, "ताण घेऊ नका." मला या क्रियापदाची फार गंमत वाटते. ताण घेणे. जसं काही कोणीतरी ताटात वाढतंय आणि मी 'पुरे' म्हणत नाही.

मग हा ऑनलाइन क्लास. कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्यांना पुन्हा चालतं करायचा. १२ आठवडे, आठवड्यातून तीन संध्याकाळी, साडेसात ते साडेआठ. थोडा व्यायाम, थोडं खाण्यापिण्याचं, गोळ्यांचं, आणि शेवटची वीस मिनिटं माइंडफुलनेस. प्रत्यक्ष सेंटरला जाऊनही करता येतं, पण मुलुंडहून ऑफिस फोर्टला, तिथून सेंटर, तिथून घर, असं आठवड्यातून तीनदा केलं असतं तर त्याच्या ताणासाठी आणखी एक क्लास लावावा लागला असता. म्हणून फोन. फोन पोळीच्या डब्याला टेकवून टेबलावर, समोर हात असलेली खुर्ची, बाजूला बीपीचं मशीन आणि पाण्याची बाटली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी हाताशी हवी, हा पहिला नियम. आम्ही आठ जण. रत्नागिरीकडचे एक काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, रेंजसाठी गच्चीवर येऊन बसतात. त्यांच्या मागे नारळाची झावळी हलत असते. असं काही करायचं तर त्यांना एरवी कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागली असती. परळचे एक जण, ज्यांचा चेहरा आम्ही अजून पाहिलेला नाही, कारण त्यांचा कॅमेरा कायम छताच्या पंख्याकडे असतो. बायका दोनच. दुसरीने चौथ्या आठवड्यात सोडलं, तिच्या सुनेचं बाळंतपण होतं. बायकांना अशा कार्यक्रमांना पाठवलं जातं मुळात कमी, आणि पाठवलेल्यातल्याही गळतात जास्त. यावर परदेशात ढिगाने लिहिलं गेलंय. मला ढीग वाचायची गरज वाटली नाही.

पहिल्याच दिवशी आम्हाला बोर्गचा तक्ता शिकवला. गुन्नार बोर्ग हा स्वीडनचा मानसशास्त्रज्ञ. मेहनत किती जड जातेय ते माणसालाच विचारायचं आणि त्याने ६ ते २० मधला एक आकडा सांगायचा. ६ म्हणजे नुसतं पडून राहणं, ११ हलकं, १३ थोडं जड, १५ जड, १७ फार जड, २० म्हणजे आता संपलं. सहापासून का सुरुवात, तर धडधाकट माणसाच्या बाबतीत त्या आकड्यापुढे शून्य ठेवलं की साधारण नाडीचा ठोका मिळतो. आमच्यासारख्यांची नाडी गोळीने दाबून ठेवलेली असते, ती खरं सांगत नाही, म्हणून तोंडी विचारायचं. आम्ही १२-१३ च्या आसपास राहायचं. दुसरी खूण अशी, की व्यायाम करताना बोलता यायला हवं, गाता यायला नको. हे सांगितल्यावर रत्नागिरीच्या काकांनी जागच्या जागी चालताना खड्या आवाजात गजर म्हणून दाखवला आणि मुलीने त्यांचा वेग वाढवला.

मला तो तक्ता फार आवडला. तीस-एकतीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं की बाई, हे तुला किती जड जातंय? आकड्यात तर नाहीच. मग मी गुपचूप घरभर आकडे लावत सुटले. वीस पोळ्या, ९. सासूबाईंना आंघोळ घालून पाटावरून उठवणं, १३. रिकामा सिलिंडर दारापर्यंत सरकवणं, १५, आणि हे आता मला बंद आहे. कपडे वाळत घालणं ११, पण पावसात तेच कपडे आत ओढणं १४. दादरचा पूल गर्दी नसताना १२; गर्दी असताना मोजत नाही. काही कामांना आकडा लागेना. उद्याच्या भाजीचा विचार किती? लेकीच्या लग्नाचा विषय जेवताना निघू नये म्हणून दुसरा विषय काढत राहणं किती? तिथे स्नायू कुठलाच हलत नाही. तक्ता त्यासाठी केलेला नाही हे मान्य, तरी मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काही आकडे लिहून ठेवले.

खुर्चीची परीक्षाही झाली. हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता? मी १६ वेळा. आठ जणांत सगळ्यात जास्त. मुलगी म्हणाली, "वा काकू, पाय मस्त आहेत तुमचे!" उठण्यात माझा हात कोण धरणार. बसणं मात्र कोणी तपासलं नाही.

लोकलमधल्या चौथ्या सीटबद्दल मी मुंबईकराला काय सांगू? तिघींच्या बाकावर "जरा सरका" म्हणून अर्ध्या मांडीने टेकायचं, एक पाय पॅसेजमध्ये रोवून ठेवायचा, आणि घाटकोपरला कोणी उठेल या आशेवर तसंच अधांतरी राहायचं. मी त्यात भाजी निवडलीय, पोथी वाचलीय, झोपसुद्धा काढलीय. रिहॅबच्या एका सत्रात डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली तेव्हा मला हीच सीट आठवली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फ्रीडमन आणि रोझनमन नावाचे दोन हृदयरोगतज्ज्ञ होते. १९५० च्या दशकातली गोष्ट. त्यांच्या दवाखान्यातल्या वेटिंग रूमच्या खुर्च्यांची कापडं बदलायला आलेला कारागीर म्हणाला, तुमच्या खुर्च्या फक्त पुढच्या कडेला कशा झिजल्यात? पाठ टेकायची जागा कोरी. पेशंट सगळे टोकावर बसायचे. त्यावरून पुढे कायम घाईत, कायम चिडीला आलेल्या माणसांचा 'टाइप ए' स्वभाव आणि हृदयविकार यांचा सिद्धांत उभा राहिला. त्यातलं बरंच नंतर गळून पडलं. सिगारेट कंपन्यांनी या संशोधनात पैसा ओतला होता हेही बाहेर आलं. दोष धुरापेक्षा स्वभावाचा निघाला तर त्यांना हवंच होतं. पण खुर्चीची झिजलेली कड माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्यांपैकी स्वयंपाकघराच्या दारालगतच्या एका खुर्चीचं रेक्झिन पुढून फाटलंय, पाच शाबूत आहेत. मला वाटायचं ती खुर्चीच खराब आली.

तिच्यावर मी बसते.

अप्पांना १९७८ साली ॲटॅक आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. त्या काळी मोठ्या डॉक्टरांची मतं बदलू लागली होती म्हणे. अमेरिकेत लेव्हाइन आणि लाउन यांनी रोग्याला खाटेवरून उठवून आरामखुर्चीत बसवायला १९५० च्या सुमारासच सुरुवात केली होती. पण आमच्या फॅमिली डॉक्टरांपर्यंत ती खुर्ची पोचलेली नव्हती. दीड महिना पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही, असा हुकूम. आणि त्या दीड महिन्यात चाळीने जे केलं ते मी आजही विसरलेले नाही. गॅलरीतलं क्रिकेट आपणहून त्या टोकाला गेलं. शेजारच्या भाऊंचा रेडिओ, जो एरवी तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा, कानाला लावल्याशिवाय कळेना. आमच्या दारावरून जाताना बायका बादल्या आपटत नसत. अख्ख्या गॅलरीने एका माणसाच्या हृदयासाठी आवाज खाली घेतला होता. चाळीत बेल नव्हती, दारच दिवसभर उघडं. लोक चपला बाहेर काढून, हळू पावलांनी, "कसं काय अप्पा" म्हणत आत यायचे आणि पलंगापाशी बसायचे.

त्या प्रत्येकाला आई चहा करायची. पहाटे चारला पाणी यायचं तेव्हा रांगेत तीच. अप्पांचं भांडं द्यायचं-न्यायचं तिनेच, पथ्याचं वेगळं रांधायचं तिनेच, आणि आमचा अभ्यासही. गॅलरीतली ती शांतता मला आठवते तेव्हा तिच्या आतला एकमेव आवाज म्हणजे स्टोव्हला पंप मारल्याचा. अप्पा त्यानंतर १९ वर्षं जगले. आई त्यांच्या सहा वर्षं आधी गेली, एका पहाटे, झोपेत. तिच्या सर्टिफिकेटवर कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिहिलं होतं, पण ते बहुतेक सगळ्यांच्याच लिहितात. तिला कधी कोणी कार्डिओग्राम काढायला नेलं होतं का, हे आता सांगायला कोणी उरलेलं नाही.

माइंडफुलनेसला आपल्याकडे सजगता म्हणतात. क्लासमधली मुलगी कधी सजगता म्हणते, कधी माइंडफुलनेस. मला 'भान' हा शब्द जवळचा वाटतो, पण त्याच्यात एक गोची आहे. आपल्याकडे भान हरपतं तेव्हा कौतुक. कीर्तनात देहभान विसरून नाचला, गाणं ऐकताना भान राहिलं नाही. आणि भान ठेवायचं ते दटावणीत: "पदराचं भान ठेव", "कोणासमोर बोलतेस याचं भान ठेव." मला लहानपणापासून भान ठेवायला शिकवलंय ते या दुसऱ्या प्रकारचं. दूध उतू जाण्याच्या आधी दोन सेकंद मला दुसऱ्या खोलीत कळतं. त्याला सजगता म्हणायचं तर मी त्यात पीएचडी आहे. पहिल्या आठवड्यात आम्हाला एक बेदाणा पाच मिनिटं बघायला, हुंगायला, जिभेवर ठेवायला लावला. हा बेदाण्याचा प्रयोग जॉन कबात-झिन यांच्या कार्यक्रमातला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७९ साली, ज्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं अशा रोग्यांसाठी त्यांनी तो कार्यक्रम सुरू केला. मुळात हे आपल्याच बाजूचं, बुद्धाच्या 'सती'चं, म्हणजे भान ठेवण्याचं. पालीतल्या त्या शब्दासाठी इंग्रजांनी माइंडफुलनेस योजला तो १८८१ साली. म्हणजे इथून बोटीने गेलं आणि इंटरनेटवरून मुलुंडला परत आलं. सासूबाई बेदाण्याकडे माझं चाललेलं निरीक्षण बघून म्हणाल्या, "किडका निघाला का?"

आमच्या ऑफिसातल्या एकीने इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर केलंय. दहा दिवस मौन, फोन नाही. तिने सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या जेवणाच्या सुट्टीत डबा खात होतो आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता. घरी डब्याचं काय केलंस?

एक गोष्ट मी क्लासमध्ये बरेच दिवस सांगितली नव्हती. शरीरावरून लक्ष फिरवताना मुलगी म्हणायची, आता छातीवर या. मी यायची नाही. खांद्यांवरून सरळ पोटावर उडी. स्टेंटनंतरचे पहिले दोन महिने रात्र म्हणजे उशीत ऐकू येणारे ठोके. एखादा चुकला की मी उठून बसायची, पाणी प्यायची, झोपलेल्या नवऱ्याकडे बघायची, उठवू की नको. साधा गॅस छातीत फिरला तरी हात गोळीच्या डबीवर. इतकं लक्ष तिथे आधीच होतं. आणखी न्यायचं कशाला? सातव्या आठवड्यात रत्नागिरीचे काका आपणहून म्हणाले, "मॅडम, तेवढा छातीचा स्टॉप मी घेत नाही. गाडी थेट पुढे." मी हसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी म्हणाली, "नका घेऊ. बऱ्याच जणांना तिथे भीती वाटते. भीती वाटली की पायाच्या तळव्यांवर जा." तेव्हापासून मी तळव्यांवर जाते. तळवे फरशीला लागलेले, थंड. आणि तिथेच मला एक दिवस कळलं की बसल्या जागी माझ्या पायांची बोटं फरशी पकडून असतात. टाचा किंचित वर. धावायच्या शर्यतीत उभी असल्यासारखी.

याने पुन्हा ॲटॅक येत नाही का, असं परळच्या पंख्याने एकदा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर खरं बोलले, म्हणून मला ते आवडतात. म्हणाले, व्यायाम, गोळ्या आणि तंबाखू बंद, यांचे पुरावे भक्कम आहेत. ताण हृदयाला छळतो हेही नक्की. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ साली जी नऊ मोठी कारणं दाखवली त्यात मानसिक ताण होता. पण ध्यानाने पुढचा ॲटॅक टळतो असं छातीठोक सांगता येत नाही. आपल्याच देशात २४ रुग्णालयांत, ३९५९ रोग्यांवर, योगावर आधारलेल्या रिहॅबचा अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. मृत्यू किंवा पुन्हा ॲटॅक यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. मात्र माणसांना आपली तब्येत जास्त बरी वाटली आणि ती आधीच्या कामांना जास्त प्रमाणात परतली. पंखा थोडा वेळ फिरत राहिला. मग आवाज आला, "म्हणजे बरं वाटतं."

आधीच्या कामांना परतली, या शब्दांपाशी मी अडले. मलाही परतायचं आहे. पण त्या यादीत दार उघडणं आहे का?

पार्सलच्या प्रकरणानंतर मी घरात काही बोलले नाही, पण लेकीने मला वहीच्या शेवटच्या पानाशी पकडलं. आकडे वाचले, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दारावर तिच्या अक्षरात कागद: 'संध्या. ७.३० ते ८.३० बेल वाजवू नये.' मला बरं वाटलं आणि थोडी लाजही. शेजारच्या वहिनींनी लगेच विचारलं, काय झालं, कोणी आजारी आहे का? आजारी तर मीच होते. अकराव्या आठवड्यातली गोष्ट. मार्गशीर्षातला गुरुवार, घरात फुलांचा वास, लेक ऑफिसमधून यायची होती, नवरा खाली नारळ आणायला गेलेला. शेवटची वीस मिनिटं. तळवे, घोटे, पोटऱ्या. आणि कडी वाजली. इस्त्रीवाल्याने कागदाचा मान राखून बेल वाजवली नव्हती. तो कडी आपटत होता आणि "भाभीऽऽ" म्हणून ओरडत होता. माझा माईक चालू राहिला होता. सगळ्यांच्या घरांत भाभी ऐकू गेली.

बोटं फरशीत रुतली. मांड्या ताठ. ठोका ऐंशीच्या पुढे गेलाच असेल, मी बघितला नाही. कडी दुसऱ्यांदा. मला आईचा स्टोव्ह ऐकू आला, खरोखर, ते पंप मारणं. मग टीव्हीचा आवाज बंद झाला आणि काठी वाजली. सासूबाईंची काठी, ८४ वर्षांच्या गुडघ्यांची, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग टक्. सोफ्यापासून दारापर्यंत चार पावलं आहेत असं मी मगाशी म्हटलं, ती नवऱ्याची. सासूबाईंची मी मोजली, अकरा झाली. प्रत्येक टक्ला वाटत होतं उठावं, त्या पडल्या तर काय, लोक काय म्हणतील, त्या तरी का म्हणून उठल्या. मी उठले नाही. यात मिळवलं काय आणि कोणाकडून काढून घेतलं, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही.

दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. फोनमधून मुलगी शेवटच्या सूचना देत होती, हळूहळू डोळे उघडा, हाताची बोटं हलवा. मग नेहमीप्रमाणे एकेकाला आकडा विचारत आली. "काकू, आजचा बोर्ग?"

"चालण्याचा १२," मी म्हटलं.

"छान. आणि शेवटचं, बसण्याचं?" ती गमतीने म्हणाली, तिने कडी ऐकली होती.

"१७."

रत्नागिरीच्या गच्चीवरून मोठ्याने हसू आलं. दारातून सासूबाई विचारत होत्या, याचे किती द्यायचे, सुट्टे कुठे असतात. मी खुर्चीत बसूनच ओरडले, "फ्रिजवरच्या डब्यात बघा!"